टक्क्यांआधी लिटर

फळ्यावर दोनच आकडे उरले होते. आमच्या गावची शाळा पंच्याहत्तर टक्के, नदीपलीकडची साडेबहात्तर. मंडपात टाळ्या सुरू झाल्या होत्या. जिंकलेला संघ जालन्याला जिल्ह्याच्या प्रश्नमंजूषेला जाणार, म्हणून सरपंचांनी जीपसुद्धा सांगून ठेवली होती. मी दूध केंद्राचा केमिस्ट. बेरीज तपासायला बोलावलेला. माझ्या हातातला खडू मात्र खाली ठेववत नव्हता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. भोकरदन तालुक्यातल्या एका केंद्रावर मी दुधाची फॅट काढायचो. फॅट म्हणजे स्निग्धांश. काचेच्या नळीत दूध आणि ॲसिड घालायचं, नळी मशीनमध्ये गरगर फिरवायची, वर आलेला पिवळसर थर नळीवरच्या रेघांवर वाचायचा. त्या आकड्यावर दुधाचा भाव ठरे. लोकांचा माझ्या डोळ्यांवर विश्वास असणं, हीच माझी खरी नोकरी होती.

सोनवणे सर गावच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. संध्याकाळी चरवी घेऊन दुधाला यायचे आणि दूध घेतल्यावरही बसून राहायचे. "केमिस्टसाहेब, आज म्हैस पास का नापास?" असं दारातूनच विचारायचे. ही स्पर्धा त्यांनीच भरवली होती. ज्याची बरोबर उत्तरं जास्त, तो संघ विजयी. सरांनी तोंडी आणि लेखी फेरीचे टक्के काढून दोन्हींची सरासरी केली होती.

मी त्यांना मंडपामागे पाण्याच्या टाकीपाशी नेलं.

"सर, तोंडीत प्रश्न किती होते?"

"दहा. लेखीत चाळीस. का हो?"

"दहा लिटर दूध सात फॅटचं. त्यात चाळीस लिटर चार फॅटचं ओतलं. कॅनची फॅट किती?"

"साडेपाच... न्हाई, थांबा," सर म्हणाले आणि त्यांनी खिशातलं पेन काढलं.

केंद्रावरच्या नव्या माणसाकडून ही चूक एकदा तरी होतेच. तो साडेपाच लिहून कॅन पाठवतो, गावोगावचं दूध थंड करणाऱ्या चिलिंग सेंटरला ती चार पॉइंट सहा निघते आणि गावानं पाणी घातलं असा बोभाटा होतो. टक्क्यांची नुसती सरासरी काढून चालत नाही. कुठलं दूध किती लिटर, ते आधी बघावं लागतं.

सरांनी तळहातावर पेनानं मांडलं. आमची मुलं तोंडीत नऊ, लेखीत चोवीस, म्हणजे तेहतीस. पलीकडची सात आणि तीस, सदतीस.

"चारनं हारलो की हो," सर म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "तुमचं नाव घेत न्हाई मी. उद्या सकाळी याच लोकायचं दूध तपासायचंय तुम्हाला. रोज भांडण होईल."

"सर, मी सांगतो ना, माझ्या—"

"न्हाई म्हणलं ना. बिलकुल न्हाई."

त्यांनी माइकवर सांगितलं, "माझी मोजण्यात चूक झाली. पलीकडची शाळा जिंकली." आमच्या संघाची कप्तान शोभा पुढं आली. "सर, मंग आपण हारलो का?"

"हो बेटा. बराबर हारलो."

"वा मास्तर!" सरपंच मोठ्यानं म्हणाले, "घरची साय दुसऱ्याच्या ताटात!" लोक हसले. ते हसणं चांगलं नव्हतं. सरपंचांनी जीप परत पाठवली. पलीकडची मुलं एसटीनं जालन्याला गेली.

"आपल्याच लेकरायला पाडणारा मास्तर" हे सरांना चिकटलं. कॅन उतरवता उतरवता लोक ते मला ऐकवायचे. मी नळी उजेडाकडे धरून आकडा सांगायचो. माझ्या आकड्यावर कुणी कधी शंका घेतली नाही. सर दुधाला येत राहिले, पण बसेनासे झाले. पुढच्या बदल्यांत त्यांनी दुसरं गाव मागून घेतलं.

गेल्या महिन्यात सर गेले. शोकसभेत गावातलेच एक जण म्हणाले, "माणूस लाख होता. फक्त हिशोबाला कच्चा."

मी उठलो आणि टाकीपाशी काय झालं होतं ते सगळं सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग चहा आला.

टक्क्यांची सरासरी काढण्याआधी लिटर विचारावेत, हे मी हाताखालच्या सगळ्यांना शिकवलं. आणखी एक नियम आहे, तो शिकवावा लागत नाही. उशिरा पोचलेलं दूध केंद्र घेत नाही, फॅट कितीही असो.