नवसाची पेज

नवस बोललेल्या माणसाला 'का बोललास' असं तुमच्या घरी कधी कुणी विचारलंय? आमच्याकडे विचारत नाहीत. म्हणून मामा गेला, असं मी म्हणतो, आणि म्हणताना मला काहीच वाटत नाही... मावसभावाचा फोन आला, "मामा गेला रं", तेव्हाही मी "बरं" म्हणालो आणि हातातलं काम पुरं केलं.

दत्तूमामा आईचा धाकटा भाऊ, पनवेलजवळच्या गावातला, मटणावर तुटून पडणारा गडी. पोरीचं लग्न ठरलं आणि त्यानं जाहीर केलं, लग्न पार पडेपर्यंत मटण-मासळी बंद, भाकरी बंद, नुसती पेज. देवीला नवस. मामीला अभिमान वाटला. हळदीला त्यानं स्वतःच्या हातानं पंगतीत मटण वाढलं. शेजारचे काका म्हणाले, "दत्त्या, तुजी देवी बोकड खाते आनि तुलाच कशी उपाशी ठेवते रं?" "तिला पचतं, मला नाय," मामा म्हणाला. पंगत हसली. सदरा त्याच्या अंगावर लोंबत होता, तेही सगळ्यांना नवसाचं तेज वाटलं.

लग्न झालं, नवस फिटला. मामीनं कोंबडीचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. पहिल्याच घासाला मामा उठून परसात पळाला. मग मी त्याला पनवेलला तपासणीला नेलं. खडू कालवल्यासारखं पांढरं बेरियम त्याला घोट घोट प्यायला दिलं आणि तो गिळत असताना एक्स-रे घेतले. अन्ननलिकेत वर पांढरं तळं साचलेलं, खाली दोऱ्याएवढी धार. एवढंच चित्र. पुढे दुर्बीण घालून तुकडा काढला... कॅन्सर, हाताबाहेर गेलेला.

एक्स-रे झाल्यावर बाकावर बसून मामा म्हणाला होता, "नवस कसला रं... घास उतरंना. बाप आजारी हाय कळलं असतं तर लगीन पुढं गेलं असतं. मामीला नको सांगू."

मी सांगितलं. मामी म्हणाली, "ते 'अजून पातळ कर' बोलले तशी मीच पेज पातळ करीत गेले."

कुणी हलगर्जीपणा केला नाही. सगळ्यांनी त्याच्या श्रद्धेचा मान राखला. असला मान जाळून टाकावा असं मला वाटायला हवं, पण आत्ता तेवढंही वाटत नाही.

तुम्ही मात्र आज जेवताना शेजारच्या ताटाकडे बघा. कुणी दर घासाला पाणी पीत असेल, सगळं कुस्करून, भिजवून खात असेल, तर नवस, उपास, दात, वय, कुठलंही कारण ऐकून घेऊ नका. उद्याच त्याला डॉक्टरकडे न्या आणि घास कुठं अडतोय ते तपासून घ्या.