कोरड्या पायांची रोवणी

नोकरीतले कितीतरी गुन्हे आता क्रमांकांसह विस्मरणात गेले आहेत. रोवणीच्या हंगामातली ती घटना मात्र आजही आठवते, आणि आठवली की प्रथम हसू येते.

गोंदिया जिल्ह्यातील एका ग्रामीण ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून कामे वाटून देत असताना तिरोडा रस्त्यावर पंक्चर काढणारा एक कारागीर आत आला. खबर देणारे बहुतेक लोक ऐकलेले सांगतात; याने पाहिलेले सांगितले.

"साहेब, एक जीप बाया घेऊन जाते. रोवणीले जाऊन रायलो म्हणतात. सांजेले वापस येतात, तं पायाले चिखल नाई. रोवणी का हवेत करतात?"

रोवणी म्हणजे भाताची लावणी. दिवसभर चिखलात वाकून काम केलेल्या बाईचे पाय लपत नाहीत. शिवाय आमच्याकडे या दिवसांत बाई टोळीबरोबर सकाळीच निघाली, तर कुठे चाललीस असे घरात कोणी विचारत नाही. लपून जायचे असेल, तर याहून सोयीचे निमित्त नाही. दारूची वाहतूक असेल किंवा बायांना फसवून नेणे असेल, असे धरून मी डायरीत नोंद घेतली आणि महिला हवालदारासह साध्या वेशातील पथक नेमले.

दवनीवाड्याच्या फाट्यावर जीप अडवली. आत रोवणीच्या टोळीची मुकादमीण आणि एक तरुण बाई, एवढ्या दोघीच होत्या.

"टोळी दोघींचीच?" मी विचारले.

"बाकीच्या पुढं गेल्या, साहेब."

"कोणाच्या बांधीत?"

मुकादमीण पन्नाशीची, बोलण्यात पटाईत. पण शेतमालकाचे नाव तिला सुचेना. शेजारची तरुणी रडू लागली. स्त्री साक्षीदाराची चौकशी तिच्या राहत्या ठिकाणीच करावी, असा नियम आहे. म्हणून आम्ही मुकादमिणीच्या अंगणात गेलो. हवालदारांनी जमलेले शेजारी घालवले आणि फाटक लावून घेतले.

मुकादमिणीने पदर खोचला. "मले जेलात टाका. पन या पोरीचं नाव काढू नोका."

"गुन्हा काय केला, ते तर सांगा."

"पोट पाडाले नेऊन रायली होती."

तरुणीने डोळे पुसत सगळे सांगितले. धाकटे लेकरू अजून अंगावर पीत होते. मागच्या बाळंतपणात रक्तस्राव होऊन ती मरता मरता वाचली होती. तांबी बसवली होती, ती नकळत निघून गेली आणि पुन्हा दिवस राहिले. शहराच्या कडेला एका खोलीत एक 'डॉक्टर' गुपचूप काम करतो आणि मुकादमिणीने याआधीही काही बायांना तिथे नेले आहे, असे कळल्यावरून त्या निघाल्या होत्या. जीप त्या खोलीपर्यंत पोचली असती, तर या वेळी ती वाचली असती की नाही, हे मी सांगू शकत नाही.

"सरकारी दवाखान्यात का गेला नाहीत?"

"तिथं नवऱ्याची सही मांगतात," मुकादमीण म्हणाली.

"सज्ञान बाईला स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही लागत नाही."

"मंग पोलिसाले कळवतात."

"पोलीस मीच आहे. सज्ञान बाई स्वतःहून कायदेशीर गर्भपाताला गेली, तर मला कळवायचे कारण नाही. तिचे नाव दवाखान्याने गुप्तच ठेवायचे असते."

मुकादमीण कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "म्हणजे आमी चोरावानी कायले हिंडून रायलो होतो?"

हवालदारांना हसू आवरले नाही. रडणारी पोरही हसली. तेवढ्यात फाटक वाजले. जीप अडवल्याचे ऐकून तिची सासू धावत आली होती. सांगायचे की नाही, हे सुनेने ठरवायचे होते. तिने खाली मान घालून सांगितले.

म्हातारीने तिचा हात धरला. "मले कायले नाई सांगतलं? मी आली असती ना संग! माह्या वेळी कोणी विचारलं असतं, तं मी सात लेकरं काढली असती का?"

तपास तिथेच उलगडला. मुकादमिणीने खोलीचा पत्ता दिला. आरोग्य अधिकारी आणि पंच घेऊन छापा घातला, तेव्हा पदवी नसलेला इसम, विनापरवाना गोळ्या आणि गंजकी हत्यारे सापडली. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. सरकारी वकिलांच्या सल्ल्याने बायांना आम्ही साक्षीदार केले, आरोपी नव्हे.

जीप अडवली त्याच दिवशी सून सासूबरोबर सरकारी रुग्णालयात गेली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले, सोनोग्राफी केली आणि सर्व मार्ग समजावले: नऊ आठवड्यांच्या आत डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या, नाहीतर नळीने गर्भाशय रिकामे करण्याची छोटी प्रक्रिया, किंवा गर्भ ठेवायचा असेल तर नियमित तपासणी. शेवटी त्यांनी विचारले, "तुला काय हवं?" तिने प्रक्रिया निवडली, स्वतः सही केली आणि सुखरूप घरी आली. निरोप आला तेव्हा ठाण्यात मी सर्वांना चहा पाजला.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. लपणारा प्रत्येक माणूस गुन्हेगार नसतो. कित्येकदा त्याला आपला हक्क ठाऊक नसतो. त्या अज्ञानावरच ती खोली चालत होती. तिला कुलूप लावले तरी अज्ञान राहिले असते, तर दुसरी खोली उघडली असती.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत, कोणत्याही प्रकरणाचा उल्लेख न करता, मी कायदा समजावून सांगितला. कायद्याने दिलेल्या कारणांसाठी वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचे मत पुरते. बलात्कारपीडित, अल्पवयीन, विधवा झालेली अशा काही स्त्रियांसाठी चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे मत लागते. गर्भात गंभीर व्यंग असेल, तर त्यानंतरही वैद्यकीय मंडळ निर्णय देते. मुलगी अल्पवयीन असेल, तर पालकांची संमती हवी. लग्न झालेले असो वा नसो, हक्क सारखाच. गर्भलिंग तपासणे मात्र गुन्हाच आहे.

मी संमतीच्या मुद्द्यावर आलो, तेव्हा पुढच्या रांगेत बसलेल्या त्या सासूने हात वर केला.

"साहेब, नवऱ्याची सही लागत नाई, हे जरा जोरानं सांगा. मागच्या बायाइले ऐकू नाई येऊन रायलं."

मी उभा राहिलो आणि पुन्हा सांगितले, मोठ्याने.