सगुणाबाईंनी टाकायचा बंद केलेला पेपर

बदलापूर गावातल्या सगुणाबाई भोपी घरोघर पेपर टाकायला लागल्या तेव्हा त्यांना पेपर वाचता येत नव्हता. नवरा कोंडाजी सायकलवरून पडला, खुबा मोडला आणि अंथरुणाला खिळला. त्याची पेपरची लाइन सगुणाबाईंच्या गळ्यात पडली. हे त्र्याऐंशी सालचं. स्टेशनवर पहाटेच्या गाडीनं गठ्ठे उतरत आणि नावाच्या आकारावरून त्या पेपर ओळखत. कुणाच्या नावाखाली लाल पट्टा, कुणाच्या नावाशेजारी कमान. घरं मात्र त्यांना तोंडपाठ होती.

त्यांना वाचायला शिकवलं ते विष्णुपंत सोहोनींनी. विष्णुपंत अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी होते आणि श्रमसाफल्य कॉलनीत राहत. एकदा सगुणाबाईंनी चुकून उलटा पेपर धरलेला त्यांनी पाहिला. हसले नाहीत. म्हणाले, "लाइन संपली की रोज पाव तास इथे बसायचं." ओट्यावर बसून सगुणाबाई सात-आठ महिन्यांत अडखळत का होईना, बातमी वाचायला लागल्या.

विष्णुपंत तेव्हा दोन पेपर घेत. एक आपल्या मताचा, दुसरा आपल्याला न पटणारा. संपाची बातमी आली की दोन्ही शेजारी ठेवत आणि सगुणाबाईंना म्हणत, "बघा, इथे मोर्चात दहा हजार माणसं आणि तिथे दोन हजार. आता खरी किती, ते आपण शोधायचं." सगुणाबाईंना याची फार गंमत वाटे. वाचणारा माणूस म्हणजे असा, असं त्यांच्या मनात पक्कं बसलं.

अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास 'रणशंख' सुरू झाला. एका पक्षाचा पेपर, पण तसं तो कुठे म्हणत नसे. मोठ्या ठळक अक्षरांत रोज कुणीतरी गद्दार, कुणीतरी घुसखोर, कुणाचेतरी फाजील लाड. कॉलनीत आधी पाच घरांनी घेतला, मग वीस. दोन वर्षांत बाकीचे पेपर एकेक करून बंद होत गेले. एका शाळामास्तरांनी आपला जुना पेपर सोडला नाही, तर सकाळी ग्रिलमध्ये खोचलेला त्यांचा अंक कुणीतरी काढून गटारात टाकू लागलं. महिनाभरानं मास्तरच म्हणाले, "राहू द्या बाई, नकोच." त्या दिवशी सगुणाबाईंना पहिल्यांदा या कॉलनीचा राग आला.

ब्याण्णवमध्ये विष्णुपंतांनीही दुसरा पेपर बंद करून फक्त 'रणशंख' ठेवला.

"पण साहेब, तुम्हीच सांगायचात, दोन्ही वाचायचे म्हणून," सगुणाबाई म्हणाल्या.

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती. आता कोण खरं लिहितं ते कळलंय."

त्यानंतर विष्णुपंतांच्या तोंडून सकाळी नऊला जे वाक्य निघे, ते सगुणाबाईंनी पहाटेच स्टेशनवर वाचलेलं असे. शब्दसुद्धा तेच. कारखान्यात हाताखालच्या शंभर माणसांचं काम तपासून घेणारा हा माणूस, छापलेलं मात्र काहीही न तपासता गिळायला लागला होता.

चौऱ्याण्णवच्या एप्रिलमध्ये गावाला चार दिवस पाणी आलं नाही. पाचव्या दिवशी, सोमवारी, सगुणाबाईंनी गठ्ठा सोडला तर 'रणशंख'च्या पहिल्या पानावर बदलापूर. 'कॉलनीचा घसा कोरडा, ठरावीक वस्तीत मात्र नळ वाहता.' खाली लिहिलं होतं की पाणी सोडणारा कर्मचारी भीमराव आपल्या बौद्धवाडीला कॉलनीचं पाणी वळवतो आणि वरपर्यंत त्याला अभय आहे. त्याचं नाव सरळ छापलं होतं.

लाल पट्ट्याच्या पेपरात पाचव्या पानावर तीन ओळी होत्या. नदीवरच्या पंपाची मोटर जळाल्यानं सगळ्या गावाचं पाणी बंद, बौद्धवाडीसह. नवी मोटर बुधवारी बसेल.

सगुणाबाईंना त्या तीन ओळींचीही गरज नव्हती. शनिवारी भीमरावची बायको राजाबाई आणि त्या एकाच विहिरीवर दोन तास रांगेत उभ्या होत्या. राजाबाईच्या घरचा नळ वाहत असता, तर ती तिथे कशाला मरायला आली असती?

त्या तडक विष्णुपंतांच्या दारात गेल्या. आत त्यांची बायको माई चहा गाळत होती.

"साहेब, हे खोटं छापलंय. मोटर जळलीय. हे बघा, पाचवं पान."

विष्णुपंतांनी हात पुढे केला तो 'रणशंख'साठी. पहिलं पान वाचताना त्यांचा चेहरा तापत गेला.

"साहेब, भीमरावच्या वाडीत पण पाणी नाही. मी डोळ्यांनी बघितलंय."

"तुम्ही भोळ्या आहात. ते लोक दाखवतात तसं."

"तीनच ओळी आहेत. वाचा तरी."

"सगुणाबाई, तुम्ही पेपर टाका. वाचायचं आम्ही बघू."

आणि सगुणाबाईंनी टाकले. उरलेले साठ 'रणशंख' साठ दारांत टाकले, कारण लाइन अर्धी राहिली होती आणि अकरा वर्षांत त्यांनी एक घर चुकवलं नव्हतं. पुढे त्या हेच सांगत आणि सांगताना दात आवळत. ज्या अंकानं भीमरावचा हात मोडला, तो आपण आपल्या हातानं वाटला.

लाइन संपल्यावर त्या थेट बौद्धवाडीत गेल्या. राजाबाई दारात भांडी घासत होती.

"भीमराव कुठंय? त्याला सांग, आज कॉलनीकडं जाऊ नको."

"ते मघाच गेलं, बाय. पाणीखात्याच्या साहेबानं व्हॉल्व तपासून ठेवायला सांगितलाय. का गो?"

सगुणाबाई उत्तर द्यायला थांबल्या नाहीत. साडेदहाचं ऊन, पायात झिजलेल्या चपला, पन्नाशीला आलेली बाई धावत सुटली. कॉलनीच्या फाटकात पोचल्या तेव्हा पंचवीसेक माणसं गोळा झाली होती. मध्ये भीमराव, हातात व्हॉल्व फिरवायची लांब लोखंडी चावी. आणि त्याच्यासमोर विष्णुपंत, घडी घातलेला 'रणशंख' पुढे धरून.

"याचं उत्तर द्या," विष्णुपंत म्हणत होते. "नुसतं उत्तर द्या."

"साहेब, मोटर जळलीय. माझ्या घरी पण पाणी नाय. चला, दाखवतो."

"छापलंय ते खोटं आहे का मग?"

"खोटं हाय, साहेब."

मागून कुणीतरी शिवी दिली. दोघं पुढे आले, त्यांनी भीमरावच्या हातातली चावी हिसकली आणि तीच त्याच्या उजव्या हातावर घातली. दोनदा. सगुणाबाई माणसांना ढकलत आत घुसल्या आणि त्याच्यावर पडल्या, म्हणून तिसरा फटका थांबला. माणसं पांगली. विष्णुपंत तिथेच उभे होते. भीमरावचा हात दोन ठिकाणी मोडला होता. सगुणाबाईंनी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

पोलीस ठाण्यात जबानी द्यायला त्या आपण होऊन गेल्या.

"मारलं कोणी?" हवालदारानं विचारलं.

त्यांनी दोघांची नावं सांगितली. "आणि पुढं पेपर धरून सोहोनी साहेब उभे होते, ते पण लिहा."

"त्यांनी मारलं का?"

"नाही मारलं. पण लिहा."

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर त्यांनी 'रणशंख'चा गठ्ठा सोडलाच नाही. एजंट म्हणाला, "बाई, कॉलनी म्हणजे तुमची अर्धी लाइन आहे. डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आजच आलंय," सगुणाबाई म्हणाल्या आणि बाकीचे पेपर काखेत मारून चालू लागल्या. आठवड्यात कॉलनी दुसऱ्या पोरानं घेतली. घरी कोंडाजी दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मी असतो तर टाकला असता गं." त्याचाही त्यांना राग आला.

त्याच आठवड्यात विष्णुपंत त्यांच्या घरी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बसले नाहीत.

"तुम्ही माझं नाव पोलिसांत दिलंत. मी त्याला बोटसुद्धा लावलं नाही."

"नाही लावलं."

"मग? मी तुम्हाला अक्षर शिकवलं, सगुणाबाई."

"म्हणून तर इचारते. तीन ओळी वाचायला तुम्हाला किती वेळ लागला असता?"

"त्या पेपरावर माझा विश्वास नाही."

"नका ठेवू. भीमराव चला म्हणत होता. दहा मिनिटांचा रस्ता. नळ सोडून बघायचा होता. मला शिकवलंत शोधायचं, आणि तुम्ही सोताच गेला नाहीत."

विष्णुपंत दाराकडे वळले. "तुम्हाला भडकवलंय कुणीतरी," ते म्हणाले आणि निघून गेले.

नवी मोटर त्या बुधवारीच बसली होती. सगळ्यांना एकाच दिवशी पाणी आलं होतं. 'रणशंख'नं ती बातमी दिलीच नाही.

खटला उल्हासनगरच्या कोर्टात चार वर्षं रेंगाळला. पंचवीस माणसांपैकी कुणालाच काही दिसलं नव्हतं. एकट्या सगुणाबाई प्रत्येक तारखेला जाऊन बसत. शेवटी अठ्ठ्याण्णवमध्ये भीमरावनंच तडजोड केली. हात वाकडा जुळला होता, चावी फिरवता येत नव्हती, शिपायाचं काम मिळालं होतं.

"वहिनी, मला याच गावात ऱ्हायचंय," तो मान खाली घालून म्हणाला.

"कळतं मला," सगुणाबाई म्हणाल्या. "पण मला राग येतो, तो येणारच. तुझ्यावर नाय, पण येतो."

त्या पावसाळ्यानंतर एका दुपारी माई त्यांच्या ओट्यापाशी आल्या. इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "सगुणाबाई, तो दुसरा पेपर असेल का? घरी नेत नाही. इथंच बसून वाचीन. यांना कळू देऊ नका."

"माई, त्या दिवशी मी दारात आले तेव्हा तुम्ही चहा गाळत होतात. मी म्हटलेलं ऐकलं होतंत?"

"ऐकलं होतं."

"खरं वाटलं होतं?"

"वाटलं होतं."

"मग बोलला का नाहीत? तेव्हा नाही, तर कोर्टात तरी?"

माई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या. सगुणाबाईंनी सकाळचा उरलेला अंक आणून ओट्यावर ठेवला. चहा विचारला नाही, बसा म्हटलं नाही. आत जाऊन त्या कोंडाजीचं अंथरूण झटकायला लागल्या, गरजेपेक्षा जरा जास्तच जोरानं. बाहेर माई पाचवं पान उघडून वाचत बसल्या होत्या.