शिवकन्येचं नाव टाकायचं मशीन

आमच्या शाळेत पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याच्यावर झालरीचं कापड घातलेलं असे. मुलं चपला बाहेर काढून रांगेनं येत आणि कापड बघून जात. सातवीतली एक मुलगी रांग सोडून थांबली. "सर, झाकूनच ठेवायचा तर आणला कावून?" शिवकन्या माझ्या नजरेत भरली ती तेव्हा.

तिचे वडील महारुद्रअप्पा यांचं सिरसाळ्यात भांड्यांचं दुकान. लग्नात द्यायच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव हवंच. ती नावं कोरायला अप्पांनी फार वर्षांपूर्वी एक मशीन आणि ते चालवणारा कॉम्प्युटर घेतला होता. सासर सोडून माहेरी आल्यावर शिवकन्या त्या मशीनवर बसली. दुकानात तिची जागा तेवढीच.

ऐन लग्नसराईत कॉम्प्युटरमधला कोरायचा प्रोग्रॅम उडाला. मी तेव्हा दुकानात चहा पीत होतो. धाकटा भाऊ संगमेश म्हणाला, "सोमवारी भंगारवाला येतोय. नवीन लेझर मशीन आणू, ते मी चालवतो. तू आता घर सांभाळ, ताई."

"घर तू सांभाळ. सोमवारपर्यंत याला हात लावायचा न्हाई."

मशीनची कंपनी कधीच बंद पडली होती. जुन्या मशीनच्या हौशी लोकांना इंटरनेटवर गाठून तिनं तोच प्रोग्रॅम मिळवला, लॅपटॉपवर उतरवला. जुन्या कॉम्प्युटरला फक्त फ्लॉपीच चाले, म्हणून लॅपटॉपला बाहेरून जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह परळीहून आणला आणि प्रोग्रॅम फ्लॉपीवर भरला. पण जुना कॉम्प्युटर ती फ्लॉपी वाचेना. दुसरी घातली, तीही वाचेना.

"गेलं म्हातारं," संगमेश म्हणाला.

"गप बस. हीच फ्लॉपी लॅपटॉप वाचतोय. म्हंजी खोट फ्लॉपीत न्हाई, याच्या तोंडात हाय."

तिनं स्क्रू काढले. ड्राइव्हच्या आत राखाडी थर बसला होता. दर दसऱ्याला अप्पा कॉम्प्युटरला विभूतीची तीन बोटं ओढत, नेमकी फ्लॉपीच्या फटीवरून. इतक्या वर्षांची ती विभूती आत साचली होती. शिवकन्येनं स्पिरिटमध्ये कापूस बुडवला, तसे अप्पा गादीवरून उठले.

"देवाची विभूती पुसतीस?"

"कपाळाला लावा, अप्पा. डोळ्यात घातल्यावर माणसाला तरी दिसतं का?"

अप्पा तिच्याशेजारी खाली बसले आणि म्हणाले, "नीट पूस. कोपऱ्यात बी हाय."

फ्लॉपी घरघरली. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं आली. तिनं पहिलं नाव आहेराच्या भांड्यावर टाकलंच नाही. पितळेच्या एका पट्टीवर कोरलं, 'हात लावू नये. शिवकन्या', आणि पट्टी मशीनच्या टेबलाला ठोकली. सोमवारी भंगारवाला ती पट्टी वाचून संगमेशकडे बघायला लागला. संगमेशनं त्याला दुकानातला मोडका पंखा दिला.

पुढं लेझर मशीनही आलं. ते संगमेश चालवतो. दसऱ्याला अप्पा विभूती घेऊन आले, की शिवकन्या आधी फटीवर चिकटपट्टी लावते. रोज सकाळी ती दुकान उघडते आणि जुन्या मशीनवर बसते.