कंपनीच्या बसमधला व्यायाम

थेरगावात डांगे चौकाच्या मागच्या गल्लीत माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. घरी व्यायाम केला का विचारलं की सगळे पेशंट हो म्हणतात. मी वाद घालत नाही, करून दाखवायला सांगते. जो घरी करतो त्याचा हात टेबलावर आपोआप नीट पडतो. बाकीचे माझ्या तोंडाकडे बघतात.

ती तोंडाकडे बघणाऱ्यांतली. मराठवाड्यातून आलेली, चाकणच्या एका कंपनीत कंत्राटावर. दिवसभर गाड्यांच्या वायरी जोडायच्या. उजव्या कोपराचा टेंडन सुजलेला. व्यायाम साधा होता: हात पालथा ठेवायचा, मुठीत वजन घ्यायचं आणि मनगट सावकाश खाली सोडायचं.

"करायलेय की मॅडम."

"करत असतीस तर असं धपकन सोडलं नसतंस. थापा नको मारूस. आणि काय गं, चाकणला दवाखाने संपले का? सुट्टी घालवून इथवर कशाला येतेस?"

"तिथं कुणी बघितलं तर?"

एका खोलीत चौघी राहत होत्या, चौघी एकाच लाइनवरच्या. हात दुखतो हे बाहेर फुटलं की पुढच्या कंत्राटात नाव येत नाही. खोलीवर व्यायाम करणं म्हणजे स्वतःच सांगत सुटणं.

म्हणून मी व्यायाम कंपनीच्या बसमध्ये नेला. हात मांडीवर पालथा, पंजा गुडघ्याच्या पुढे, हातात पाण्याची भरलेली बाटली. हळू खाली सोडायची, दुसऱ्या हाताने वर घ्यायची. बाटली काय, सगळ्यांकडेच असते. पुढच्या खेपांना तिचा हात न सांगता टेबलावर नीट पडू लागला. "काल कणीक मळली मी," ती एकदा म्हणाली. सूज उतरत होती.

मग एका सुट्टीला दुसरीच मुलगी आली. तीच कंपनी, तसंच कोपर. ही बोलकी होती.

"रूमवर कळू देऊ नका हं मॅडम. आमच्यातल्या पोरी लई चोंबड्या. एक तर बसमध्ये बाटली घेऊन काय चाळे करती, देव जाणे. खाली-वर, खाली-वर. लाइन लीडरला दाखवलं, तर म्हणतो कसा, 'बाटलीला झोपवती का काय?' लई हसलो."

मी तिचं कोपर दाबून बघत होते, तशीच बघत राहिले.

तिला तोच व्यायाम लागू पडला असता. पण शिकवला असता, तर ते चाळे कसले हे तिला तिथंच कळलं असतं. मी तिला न्हाणीघरात ओला टॉवेल पिळायला सांगितला. त्यानं फारसा फरक पडत नाही.

पहिली आली तेव्हा म्हटलं, "बसमधला व्यायाम बंद कर."

"का ओ? आता तर बरं वाटायलंय."

"लोक बघतात."

"कोण?"

एका पेशंटचं दुसऱ्याला सांगता येत नाही.

"मग कुठं करू मॅडम?"

गच्ची, जिना, जेवणाची सुट्टी, मी एकेक सुचवत गेले आणि ती मान हलवत गेली. शेवटी दर सुट्टीला इथंच येऊन करायचं ठरलं. आठवड्यातून एकदा करून टेंडन बरा होत नाही, हे तिला मीच पहिल्या दिवशी बजावलं होतं. तिनं तो विषय काढला नाही. टेबलावर हात ठेवला आणि सुरुवात केली.