कोकिळाने सांगितलेला दुसरा भाग

दीपकने कमरेला बांधलेली साडी सोडली आणि तो धाब्याच्या अगदी काठाला जाऊन उभा राहिला. आमच्या गच्चीला, म्हणजे धाब्याला, तेव्हा कठडा नव्हता. खाली खाडीचं पाणी, घराच्या खिडक्या निम्म्या बुडालेल्या, आणि कोपऱ्यावरचा लाईटचा खांब पाण्यात आडवा पडलेला. पाण्यात करंट उतरला होता. सकाळी एक म्हैस त्यात शिरली ती जागच्या जागी पडली, आम्ही सगळ्यांनी बघितलं होतं. दीपक माझा मुलगा, तेव्हा सात वर्षांचा. आमच्याकडे तोंड करून तो म्हणाला, "मी इथंच राहतो. तुम्ही घरी जा." मी उठायला गेले तर माझ्या धाकट्या जावेने, कोकिळाने, माझा हात धरून मला खाली ओढलं. मी धावले असते तर तो मागे सरकला असता, आणि मागे काहीच नव्हतं. कोकिळा बसल्या जागेवरूनच रोजच्या आवाजात म्हणाली, "अरे येड्या, गोष्टीतला तो माणूस मरेल नही. जित्ता शे. पुढचं ऐकायचं नाही का तुला?"

ती कोकिळा मागच्या महिन्यात गेली. दुपारी टीव्हीसमोर खुर्चीत बसल्या बसल्या गेली. बातमी मला दीपकनेच दिली. "आई, काकू गेली," एवढंच बोलला. मी निवडायला घेतलेली मेथी पुरी केली, हात धुतले आणि सुरतेतच पर्वत पाटिया भागात तिच्या लेकीच्या घरी गेले. रडले नाही. तिला रडणाऱ्या बायकांचा कंटाळा होता, मलाही आहे.

आमचे नवरे सख्खे भाऊ. खान्देशातून सुरतेला आले, लूमच्या खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात, लागले, आणि आम्ही दोघी तिथल्या गोडादऱ्याला एका घरात आलो. दिवसभर साड्यांवर खडे चिकटवायचं काम करायचो. मी चौथी शिकलेली, ती सातवी. एका श्रावणात आम्ही गल्लीतल्या बायका देवीचा सिनेमा बघायला निघालो. टॉकीजवर मोठं चित्र लावलं होतं. एक माणूस, डोक्याभोवती गोल चकाकणारं काहीतरी. मी विचारलं, "हा कोणता देव?" कोकिळा मला जिजी म्हणायची. म्हणाली, "प्रभावळ शे ना जिजी, मग असंल कोणीतरी." देवाचा सिनेमा म्हणून आम्ही चपला बाहेर काढून आत बसलो. पडद्यावर ती प्रभावळ निघाली काचेची टोपी, आणि देव निघाला यानात बसून आभाळात चाललेला गोरा माणूस, हिंदी बोलणारा. देवीचा सिनेमा पलीकडच्या टॉकीजला होता. मध्यंतरात बायका शिव्या देत निघून गेल्या. कोकिळा उठली नाही म्हणून मीही बसले. शेवटी तो माणूस यानाबाहेर लोंबकळत असतो. त्याला आत ओढत बसलं तर बाकीचे घरी पोचणार नाहीत, म्हणून तो कमरेचा दोर स्वतःच सोडतो आणि अंधारात लांब लांब जातो... कोकिळा बाहेर आली ती चपला घालायची विसरली. भर रस्त्यात वर बघत म्हणाली, "जिजी, वर एवढी जागा शे?"

तेव्हापासून तिला वेड लागलं ते लागलंच. यानाचा, परग्रहाचा, यंत्रमाणसाचा सिनेमा आला की ती जायची, आणि दुसऱ्या दिवशी खडे चिकटवता चिकटवता आम्हाला अख्खा सांगायची. मी सिनेमे फार बघितले नाहीत, पण तिच्या तोंडून ऐकलेले सगळे मला बघितल्यासारखे आठवतात. मात्र एखाद्याचा दुसरा भाग आला की तिचं डोकं फिरायचं. म्हणायची, "एक डिझाइन चाललं की शेठ दुसरा लॉट काढतो का नाही? कापड पातळ, खडे जास्त. हे तसंच." जुना सिनेमा नव्याने काढला तर म्हणायची, कॉपी मारली, रंग उतरणार. पुस्तकावरून काढलेल्या सिनेमाबद्दल तर फारच वाईट बोलायची. तिने ते पुस्तक मराठीत वाचलेलं असायचं. "साडी फाडून ड्रेस शिवला. ड्रेस चांगला असंल, पण पदर कुठे गेला?" सगळ्यात जास्त राग तिला मेलेला माणूस परत आणण्याचा. पहिल्या भागात आपण त्याच्यासाठी जीव मुठीत धरून बसलो, आणि दुसऱ्यात तो हसत येतो, म्हणजे आपल्याला येडं बनवलं. मी एकदा म्हटलं, "एवढा राग येतो तर जातेस कशाला?" ती म्हणाली, "न बघता शिव्या कशा देऊ?"

पुराच्या त्या दिवशी दोघींचे नवरे खात्यात अडकले होते. पाणी घरात शिरलं तसे आम्ही माझे दोन पोरगे आणि तिच्या दोन पोरी घेऊन धाब्यावर चढलो. बरोबर शेठच्या साड्यांचा गठ्ठा होता, खडे लावलेल्या. पाऊस थांबत नव्हता, स्लॅब शेवाळाने निसरडा, आणि पोरं काही बसून राहत नव्हती. कोकिळाने एकेका साडीचं टोक एकेकाच्या कमरेला बांधलं, दुसरं टोक स्लॅबमधून वर आलेल्या सळ्यांना. मग सांगितलं, "हे यान शे. बाहेर हवा नही. जो उतरला त्याचा श्वास बंद." आणि तिने तोच सिनेमा सुरू केला, चपला काढून बघितलेला. पोरं हलली नाहीत. शेवट जवळ आला तेव्हा मी तिच्या कानात म्हटलं, "लहान आहेत, गोड काहीतरी सांग." ती म्हणाली, "शेवट बदलला तर ती कॉपी झाली." तिने खरा शेवट सांगितला. तो माणूस दोर सोडतो, म्हणतो, मी इथंच राहतो, तुम्ही घरी जा. आणि माझ्या दीपकने गाठ सोडली.

"जित्ता कसा?" दीपकने काठावरून विचारलं.

"त्याचा दोर यानाच्या दांडीत अडकला होता. कोणी बघितलंच नाही. आता तो बाहेर लोंबकळतोय आणि ओढायला माणूस कमी पडतोय. तू तिथं काय करतोस? ये, धर."

तो आला. दोन्ही हातांनी त्याने साडी धरली. मी त्याच्या कमरेला अशी गाठ मारली की नंतर ती कापावी लागली. मग चारही पोरं ओढत होती आणि कोकिळा सांगत होती. तिने त्या मेलेल्या माणसाला परत आणलं. त्याचा हरवलेला भाऊ आणला. चांगला यंत्रमाणूस, वाईट यंत्रमाणूस, ज्या ज्या गोष्टींना तिने आयुष्यभर शिव्या घातल्या त्या सगळ्या आणल्या. एक गाणंसुद्धा घातलं. अंधार पडला, तिचा घसा बसला, तरी तो माणूस यानापासून थोडा लांबच राहिला. पूर्ण आत आला असता तर गोष्ट संपली असती. मी तिच्याकडे बघत होते. पुराचं भय मला होतंच, पण त्याहून जास्त मला तिचं काहीतरी वाटत होतं. त्याला नाव माझ्याकडे नाही. रोज माझ्या शेजारी बसून डिंकाने हात बरबटून घेणारी ही बाई, आणि हिच्या आत एवढी जागा...

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी उतरलं, लाईट तोडल्याचं कळलं आणि आम्ही खाली आलो. पोरांच्या तळहातांत खडे रुतले होते. घर चिखलाने भरलेलं. कोकिळा पायरीवर बसली आणि बसक्या आवाजात म्हणाली, "जिजी, दुसरा लॉट पातळ झाला ना वं?"

मी म्हटलं, "झाला. मेलेला माणूस उठवलास."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. पुढे पोरांनी कितीदा मागितला, तिने तो भाग परत कधी सांगितला नाही. दीपक लग्नाचा झाला तरी मागे लागायचा, "काकू, तो शेवटी आत येतो का?" ती म्हणायची, "असा सिनेमाच नाही."

तेराव्याला सगळे गोडादऱ्याच्या घरी जमले. धाब्याला आता चांगला छातीएवढा कठडा आहे. जेवणं वरच झाली. उतरताना दीपकने पहिल्या पायरीवर पाय ठेवायच्या आधी, खाली हवा नसावी तसा, छाती भरून श्वास घेतला आणि खाली पोचेपर्यंत सोडला नाही. त्याच्या मागून कोकिळाच्या दोघी लेकींनी तेच केलं. कोणी कोणाकडे बघितलं नाही. त्यांना ते कळतही नसेल. मी मागून भांडी घेऊन उतरले.

त्या पुरात धाब्यावर मी होते, कोकिळा होती, माझे दीपक आणि सुनील होते, तिच्या भारती आणि छाया होत्या. सगळे जिवंत खाली उतरलो.