पांढरी केलेली मेंढरं

मल्हारी कोळपेचा राग नेमका कुणावर होता म्हणाल, तर स्वतःच्या हातावर. सणसवाडीच्या एका कंपनीत बावीस वर्षं त्या हातानं पत्र्यांवर राखाडी रंगाचा फवारा मारला, मुकाट्यानं. आणि रविवारी भाड्याच्या खोलीचं दार लावून तोच हात लहानपण रंगवायचा. शिरूरची बाजारपेठ, घोडनदीचा उतार, एसटीच्या टपावरची पोती. लोक फोटो बघून रंगवतात. हा आठवून रंगवायचा, आणि दुकानाच्या फळीवरचा एक खिळा चुकला तरी आठवडाभर चरफडत राहायचा.

एवढं करून एकही चित्र कुठल्या भिंतीवर गेलं नाही. पुण्यातल्या प्रदर्शनवाल्यांनी तीनदा परत पाठवलं. एकानं तर विचारलं, "यात फोटोपेक्षा वेगळं काय आहे?" आता त्याला काय सांगायचं, की बाबा, आमचा फोटो काढायला तेव्हा कुणी आलंच नव्हतं!

सगळ्यात मोठ्या चित्रात धनगरांचा कळप शिरूरच्या पेठेतून निघाला होता. पुढं त्याची आई, वच्छलाबाई, काखेत कोकरू घेतलेली. मागं घोड्यावर लादलेलं बिऱ्हाड, आणि पेठभर काळीभोर मेंढरं. दोन्ही बाजूंना दुकानदार काठ्या घेऊन उभे, आणि त्यांना न जुमानता सगळ्यात पुढं चाललेली लाडकी मेंढी, चांदी. तीही काळीच, फक्त कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. आईच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू नुकतेच काढले होते. चार माणसांत, भिंतीवर टांगलेलं हे चित्र तिनं बघावं, एवढंच मल्हारीला हवं होतं.

वरवंडला हायवेवर पोपटरावांनी नवं हॉटेल बांधलं. मोबाईलवर चित्र बघून ते खूश झाले, थेट खोलीवर आले.

"पेंटर, झकास हाय. फकस्त मेंढरं पांढरी करा."

"शेठ, आमची मेंढरं काळीच व्हती."

"आवो, व्हती तवा व्हती! पुण्याची माणसं जेवायला येणार. मेंढरू म्हंजी पांढरं, हे त्यांच्या बारक्या पोरान्लाबी ठावं हाय. परवा उद्घाटन हाय. करताय, का दुसरं बघू?"

"दुसरं बघा" म्हणायला मल्हारीची जीभ रेटली नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा भिंत मिळत होती, तीही आईच्या गावाजवळ. त्यानं रजा टाकली आणि एकेक मेंढरू पांढरं करत गेला, स्वतःला शिव्या घालत. असा पांढरा तैलरंग आठ-आठ दिवस ओला राहतो, हे त्याला ठाऊक होतं. पण भिंतीवरच्या चित्राला हात लावायला कोण येतंय?

उद्घाटनाला नारळ फुटला, पेढे वाटले. चित्रापुढं उभं राहून लोक सेल्फी काढत होते. मल्हारीनं आईला समोर खुर्चीत बसवलं. ती पुढं वाकून एकेक मेंढरू न्याहाळायला लागली.

"मल्हारी, ही कुनाची रं मेंढरं?"

"आपलीच, आये."

"कायबी सांगू नगंस. आपली असती तर चांदी दिसली नसती व्हय? कुठं हाय ती?"

मल्हारीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्या पांढऱ्यात तो ठिपका त्यानंच बुजवला होता.

"रंगाखाली हाय," तो कसाबसा म्हणाला.

म्हातारी उठली. चित्राजवळ जाऊन तिनं सगळ्यात पुढच्या मेंढराच्या तोंडावर बोट फिरवलं. बोटाला पांढरं लागलं, खाली काळं दिसलं. मग तिनं पदराचं टोक घेतलं आणि पोराचं नाक पुसावं तसं ते तोंड खसाखसा पुसायला लागली. काळं तोंड वर आलं. कपाळावरचा जुना, वाळलेला ठिपका जागच्या जागी होता.

"ही बघ, हितं हाय की!"

"आवो आज्जी!" गल्ल्यावरून पोपटराव ओरडले. "पेंटर, धरा की त्यास्नी!"

सेल्फीवाले बाजूला झाले. मल्हारी चित्रापाशी गेला, खिशातला रुमाल काढला आणि आईपुढं धरला.

"आये, लुगडं नगं खराब करूस. ह्यानं पूस."

आणि शेजारच्या मेंढराला त्यानं स्वतःच्या शर्टाची बाही लावली.